आबांच्या पंगतीत मी जेवले नाही

आबांची हकिकत लिहायचं काम मला मिळालं ते एका भित्तिपत्रकामुळे. कॉलेजच्या जिन्याजवळच्या फलकावर मी आमच्या गावच्या आठवडे बाजाराबद्दल दोन पानं लिहून लावली होती. मराठीच्या सरांनी ती उभ्याने वाचली आणि दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मला थांबवलं.

"आबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. घरचे गौरव अंक काढताहेत. शुभेच्छांच्या जाहिराती ढीगभर जमल्यात, पण माणसाची हकिकत लिहायला कोणी नाही. तू लिहिशील?"

मी तोंडाने हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. मान हलली असावी, कारण सर "शाब्बास" म्हणाले.

आबा म्हणजे बिल्डर. शेतजमीन घ्यायची, बिनशेती करायची, प्लॉट पाडायचे, कॉलनी वसवायची, हे ते धुळ्यात आणि जळगावात चाळीसेक वर्षं करत आले. निवडणूक आली की सगळ्या पक्षांची माणसं त्यांच्याकडे येतात आणि कोणीही रिकाम्या हाताने परत जात नाही, हे तर आमच्या गावातसुद्धा माहीत होतं. माझा त्यांच्याशी संबंध मात्र एवढाच होता की मी रोज त्यांच्या छताखाली अभ्यास करत होते. धुळ्याच्या देवपूर भागात दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांची एक इमारत आहे. खाली एका रस्त्याला एक गाळा, दुसऱ्या रस्त्याला दुसरा गाळा, दोन्हींच्या मध्ये आबांचं ऑफिस, आणि वर चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका. तिथे फी नाही. नियम एकच, बोलायचं नाही आणि फोन बंद.

मला त्या खुर्चीची किती गरज होती हे सांगायला हवं. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. देवपूरमध्ये आम्ही चौघी मुली एका खोलीत राहायचो. भिंतीपलीकडे घरमालकीणबाईंचा टीव्ही असायचा आणि त्यांना कमी ऐकू यायचं. पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला तो त्या खोलीत. अभ्यासिका सापडल्यावर एकही राहिला नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सेंट्रिंगचं काम करतात. मी फोन करून आबांचं सांगितलं तर ते म्हणाले, "तू त्यासना गाडीमा बठशी?"

"हो दादा, उद्या जळगावला जायचंय."

"त्यासले सांग, त्या देवपूरनी बिल्डिंगना स्लॅब मी टाकेल शे!"

दुसऱ्या दिवशी मी वही, दोन पेनं आणि एक जास्तीचा रुमाल घेऊन गाडीत बसले. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे मी आणि आबांचा मोठा मुलगा. त्याला सगळे भाऊ म्हणतात. आबा माझ्याशी पहिल्यापासून अहिराणीत बोलले. अंकात एवढी अहिराणी नको असं भाऊंनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी त्यांचं बोलणं पुस्तकी मराठीत उतरवत गेले. इथेही बरंचसं तसंच लिहिते आहे, पण काही वाक्यं मला त्यांच्याच तोंडची ठेवायची आहेत.

"कोना आंडेर तू?" त्यांनी विचारलं. कोणाची मुलगी?

मी दादांचं सांगितलं, स्लॅबचंही सांगितलं. आबा मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "तो स्लॅब आजवर एकदा गळना नही. सांग तुना बापले." मला इतका आनंद झाला की पारोळा येईपर्यंत मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

आबांची सुरुवात जमिनीपासून झालेली नाही. त्यांचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, सप्ताह, सभा, जे असेल त्याला बांबू आणि कनात घेऊन जायचं. निवडणुकीच्या दिवसांत सकाळी एका पक्षाचं व्यासपीठ बांधायचं आणि संध्याकाळी त्याच बांबूंवर दुसऱ्याचं. "पुढारी पुढून बोलतो," आबा म्हणाले, "पण व्यासपीठामागे बांबू धरून बसलं तर तो खरं काय बोलतो ते ऐकू येतं." कुठे बाजार समिती सरकणार, कुठून नवा रस्ता जाणार, हे त्यांना मंडपवाला म्हणून कळत गेलं. पहिला प्लॉट त्यांनी जिथे घेतला तिथे सभेला माणसं तीन बाजूंनी पायी येत होती. माणसं जिथून चालत येतात तिथे आज ना उद्या रस्ता होतो, असा त्यांचा हिशेब होता. मी भराभर लिहीत होते. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी मला थांबावंसं वाटत नव्हतं. वर्गात नागरिकशास्त्र शिकलेली मी, मला पहिल्यांदाच वाटलं की आपण शहराच्या शिवणी आतल्या बाजूने बघतोय.

जळगावच्या बाहेर काळ्या जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. आबा चपला काढून त्या रेघांवरून चालायला लागले आणि मी त्यांच्यामागे. हा तीस फुटी, हा चाळीस फुटी, इथे बाग, इथे पाण्याची टाकी. बघता बघता मला तिथे घरं दिसायला लागली. वाळत घातलेले कपडे आणि कुंड्यासुद्धा दिसायला लागल्या.

"तुले घर घेवानं ऱ्हायनं ते कोठे घेशी?" आबांनी विचारलं.

मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी घाबरत टाकीजवळचा प्लॉट दाखवला. "इथे. पाणी शेवटी नको पोचायला."

आबा भाऊंकडे बघून हसले. "ऐक. तुझा इंजिनीअर बागेसमोरचे प्लॉट महाग लाव म्हणतो. बाया टाकीकडे बघतात."

परतताना पारोळा रोडला एका शेतात आम्ही थांबलो. त्या दुपारी मी जे पाहिलं ते मी अंकासाठी सगळ्यात मन लावून लिहिलं. आबा ते शेत विकत घेणार होते. कागद तयार होते, सातबारा साफ होता. तरी सही करण्याआधी आबांनी तिथे मंडप टाकला होता आणि शेतमालकाच्या सगळ्या भाऊबंदांना वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि वर तूप, असं जेवण ठेवलं होतं. मी समजले की व्यवहार ठरल्याचा आनंद असेल. पण आबा जेवायला बसले नाहीत. ते हात मागे बांधून पंगतीतून सावकाश फिरत होते आणि माणसांच्या तोंडाकडे न बघता पानांकडे बघत होते.

शेवटून तिसऱ्या जागी एक म्हातारे काका होते. त्यांनी बट्टी फोडली नव्हती. वरणावर साय धरली होती.

आबा त्यांच्यासमोर क्षणभर थांबले आणि पुढे गेले. गाडीत बसल्यावर भाऊंना म्हणाले, "हाऊ व्यवहार नही करना."

"पण त्या म्हाताऱ्याचं कागदावर नावच नाही आबा! वकिलाने सगळं तपासलंय."

"कागद कोनी बी करी देस. तो जेवना नही. त्याना हिस्सा बाकी शे."

मग आबांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या धंद्याची ही रीत मंडपाच्या दिवसांपासूनची. विकणाऱ्याचं सगळं कूळ जेवून उठलं की ती जमीन मोकळी. एक जरी माणूस पानाला हात न लावता बसला तर समजायचं की त्याचं मन अजून त्या मातीत आहे, आणि मग कागद कितीही साफ असो, आबा त्या जमिनीत पाय टाकत नाहीत. "जेवलेला माणूस नंतर कोर्टात जात नाही का?" मी विचारलं. "एखादा जातो," आबा म्हणाले, "पण त्याला लाज वाटते. लाज वाटणारा माणूस लवकर समेटाला येतो."

असे तीन आठवडे गेले. सकाळी कॉलेज, दुपारी आबांचं ऑफिस, संध्याकाळी वर अभ्यासिका. लिहिलेलं मी आबांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच "इथे जोर कमी पडला" असं म्हणायचे, जणू लाउडस्पीकर तपासताहेत. एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, तुम्ही सगळ्याच पक्षांना देता. का?" खाली तेव्हा निवडणुकीची धामधूम सुरू झाली होती. दर निवडणुकीला आबा आपले दोन गाळे दोन मुख्य उमेदवारांना प्रचार कार्यालयासाठी देतात, एकाचं तोंड या रस्त्याला, दुसऱ्याचं त्या. दोघांनाही चहा एकच टपरीवाला पुरवतो आणि दोघांकडे सारखंच हसतो.

मला वाटलं होतं आबा लोकशाहीबद्दल काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "माले भेव वाटस."

"कसली भीती?"

"जो निवडून येईल त्याच्या टेबलावर माझी फाईल असते. मी पंच्याहत्तर वर्षांचा झालो, पण कोणाला नाही म्हणायचं म्हटलं की तोंडातून 'बरं'च निघतं."

एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ते ऐकून मी लिहायची थांबले. पुढे हा भाग भाऊंनी अंकातून काढायला सांगितला आणि मी तो काढला. आबांना विचारून इथे लिहिते आहे.

त्याच आठवड्यात एका तिसऱ्या उमेदवाराने बंडखोरी केली. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना ऑफिसात आले तेव्हा मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते.

"आबा, त्यासले गाळा, माले काय? मी सावत्र शे का?"

"नाना, गाळे दोनच आहेत."

"वर हॉल शे ना एवढा मोठा. पोरं बसतात तिथे, ती महिनाभर घरी बसतील."

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे. "बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी अभ्यासिकेच्या दारावर कागद लागला. येत्या सोमवारपासून निवडणूक होईपर्यंत अभ्यासिका बंद राहील. त्याच महिन्यात माझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा होती आणि बाकी निम्म्यांची भरतीची. दाराशी घोळका झाला. माझी जामनेरची मैत्रीण माझ्याच खोलीत राहते आणि माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसते. ती माझ्याकडे वळली.

"तू त्यांच्या गाडीत फिरतेस. बोल ना त्यांना!"

"मी कशी बोलू?"

"का? चरित्र लिहायला तोंड लागत नाही का?"

दुसऱ्या दिवशी मी आबांसमोर बसून एक अख्खं प्रकरण वाचलं आणि शेवटी, वही मिटताना, म्हणाले, "आबा, अभ्यासिकेत चाळीस जण बसतात." आबा म्हणाले, "माले मालूम शे." मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "रविवारी दुपारी बठ्ठासले जेवाले बलाव."

मी सगळ्यांना रविवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं आणि शनिवारी गावी गेले. मला ते निरोपाचं जेवण वाटलं होतं. माझं डोकं दुसरीकडेच होतं. आई म्हणाली, अभ्यास इथेच येऊन कर. पण आमचं घर दीड खोलीचं, त्यात दोन भाऊ आणि माझ्या आत्याची लेक बाळंतपणाला आलेली. दादांनी सेंट्रिंगच्या दोन फळ्या आणून ओसरीच्या टोकाला आडोसा करता येतो का ते मापून पाहिलं.

रविवारी चाळीसगावहून निघालेली गाडी उशिरा पोचली. मी धावतच देवपूर गाठलं. अभ्यासिकेतल्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, खाली सतरंज्या अंथरलेल्या आणि बाकीचे एकोणचाळीस जण जेवत होते. वरण, बट्टी, घोटलेली वांगी. मेसचं पातळ वरण खाऊन कंटाळलेली पोरं तुपात बोटं बुडवून खात होती.

"अजून दोन वाढा!" पोलीस भरतीची तयारी करणारा एक उंच मुलगा ओरडला.

"सहा झाल्या तुझ्या. उद्या पळशील कसा?"

"उद्यापासून अभ्यासच नाही, मग पळायचं कुठे?"

मैत्रिणीने माझ्यासाठी जागा धरली होती. मी बसले. माझं पान वाढलं गेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तुपाच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं. मी बट्टी फोडायला हात पुढे केला आणि समोर पाहिलं.

आबा हात मागे बांधून पंगतीतून सावकाश फिरत होते आणि पानांकडे बघत होते.

माझा हात तिथेच थांबला. हे निरोपाचं जेवण नव्हतं. आबा आमची जागा रीतसर मोकळी करून घेत होते, आणि आम्ही चाळीस जण तुपाचे हात चाटत त्यावर सह्या करत होतो! आबांना आमच्या भुकेची कल्पना होती का, मला अजून माहीत नाही. कधी वाटतं त्यांनी मुद्दाम केलं. कधी वाटतं त्यांना खरंच विचारायचं होतं आणि विचारायची हीच एक रीत त्यांना येत होती.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"जेव ना," मैत्रीण कुजबुजली. "गार होतंय."

"तू पण थांब," मी म्हणाले.

"काय?" तिच्या तोंडात घास होता.

आबा आमच्या ओळीत आले. उंच मुलाच्या पानाकडे बघून पुढे झाले, मैत्रिणीच्या पानाकडे बघितलं, आणि माझ्यासमोर थांबले. वरणावर साय धरायला लागली होती.

"बेटा, बट्टी थंडी व्हयनी."

मागून भाऊ आले. "तब्येत बरी नसेल तिची. हिला ताक द्या रे."

"तब्येत बरी आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "भूकही लागलीय. पण आबा, पारोळा रोडच्या काकांनी पानाला हात का लावला नाही ते तुम्हीच मला सांगितलंय. मी लिहून घेतलंय."

मैत्रिणीने विचारलं, कोण काका? मग मला सगळ्यांना सांगावं लागलं. मी अडखळत सांगितलं, आधी आबांची रीत, मग त्या दुपारचं. माझं सांगून झालं तेव्हा कित्येक जणांचे घास हातातच राहिले होते. एकीने बट्टीचा तुकडा हळूच पानात परत ठेवला.

उंच मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मी तर सहा खाल्ल्या. आता?"

आबा त्याच्याकडे वळले. "तुना हिस्सा गया."

सगळे हसले, तोही हसला, पण भाऊ हसले नाहीत. "ही काय हिस्सेदार आहे का आबा? फुकट बसतात सगळे. नानांना शब्द दिलाय आपण. उद्या तो निवडून आला तर? जळगावची फाईल आहे अजून!"

भाऊंकडे वळलेल्या आबांनी हात मागेच बांधलेले होते. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताचा अंगठा दाबत होती, ते मला खालून दिसत होतं. मला त्यांची भीती माहीत होती. आपण त्यांना नेमकं तेच करायला सांगतोय जे त्यांना पंच्याहत्तर वर्षांत जमलं नाही, हे कळून मला उठून पळून जावंसं वाटलं.

"पारोळा रोडना म्हातारा कागदवर कोठे व्हता?" आबा भाऊंना म्हणाले.

मग ते खाली, माझ्यासमोर सतरंजीवर बसले, गुडघ्याला हात लावत, आणि त्यांनी फोन काढला. नानांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढा मोठा होता.

"नाना, वरला हॉल नही जमस."

"आबा, हे काय? त्यासले पक्का गाळा आणि माले ठेंगा?"

"मनं ऑफिस ले. दोन्हीसना मझार." दोन्ही गाळ्यांच्या मधलं.

"तुमनं सोतानं ऑफिस?" नानांचा आवाज एकदम खाली आला. "मग तुम्ही कोठे बठशात?"

आबांनी हॉलभर नजर फिरवली. "मी वर बठसू. पोरेसमा."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ पुसलं. मग माझ्या पानाकडे बोट केलं. "आते जेव."

मी गार झालेल्या चार बट्ट्या खाल्ल्या. तशी चव मला पुन्हा कुठे मिळालेली नाही.

पुढचा महिनाभर देवपूरने जे पाहिलं ते कुठल्याही अंकात छापण्यासारखं होतं. खाली एकाच इमारतीत तीन उमेदवारांची तीन कार्यालयं, मधल्यात आबांच्या गादीच्या खुर्चीवर बसलेले नाना. आणि वर कोपऱ्यातल्या टेबलाशी आबा. त्यांना जिना चढताना मधल्या टप्प्यावर एकदा थांबावं लागायचं. ते वर आहेत म्हटल्यावर तिघांपैकी कोणीही त्या इमारतीवर भोंगा लावला नाही. अभ्यासिका इतकी शांत कधीच नव्हती.

आबांना भेटायला पुढारी यायचे. ते दारात बूट काढायचे आणि मोज्यांवर, चोरासारखे, टेबलापर्यंत यायचे. आमचा नियम सगळ्यांना लागू होता. मोठमोठ्या सभा गाजवणारी माणसं आबांच्या कानाशी वाकून कुजबुजायची आणि आबा चिठ्ठीवर उत्तर लिहायचे. एकाचा फोन वाजला तर पोलीस भरतीवाल्याने मान न वळवता "श्श!" केलं. त्या माणसाने चक्क माफी मागितली. बरेच जण दुसऱ्यांदा आलेच नाहीत. कुजबुजून मागायला त्यांना अवघड जात असावं.

रिकाम्या वेळात आबा आमची पुस्तकं चाळायचे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटलेली. एकदा माझ्या मैत्रिणीचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक दोन तास वाचून त्यांनी मला चिठ्ठी पाठवली. "नानाले हाई बठ्ठं येस का?" म्हणजे, हे सगळं येतं का. मी हसू दाबायला तोंडात ओढणी धरली आणि खाली लिहिलं, "विचारून बघा." आबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. विचारलं असेल असं वाटत नाही.

भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस वर आले, आबांसाठी पाठीला लावायची उशी घेऊन, आणि जाताना माझ्या टेबलावर अंकाची मुद्रितं ठेवून गेले. "पंगतीचं प्रकरण अंकात राहू दे," एवढंच हळू आवाजात म्हणाले.

माझा पहिला पेपर मतदानाच्या दोन दिवस आधी होता. भरतीवाल्यांचीही त्याच सकाळी परीक्षा होती, त्यामुळे आठच्या आधीच अभ्यासिका मोकळी झाली. मी निम्म्या रस्त्यात गेल्यावर लक्षात आलं की हॉल तिकीट वर टेबलाच्या कप्प्यात राहिलं. पळत परत आले आणि दोन-दोन पायऱ्या चढून दार ढकललं.

चाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यात आबा एकटेच बसले होते आणि कानाला फोन होता. समोरून कोणीतरी मोठ्याने काहीतरी मागत होतं, दारापर्यंत आवाज येत होता. आबांनी तोंडासमोर हात धरला होता आणि अगदी हळू, कुजबुजत, ते सांगत होते, "नही साहेब. आथा पोरं अभ्यास करी ऱ्हायनात."

त्यांनी मला पाहिलं. मी कप्प्यातून तिकीट घेतलं आणि दाखवलं. त्यांनी फोनवर हात ठेवून, लवकर जा, अशी खूण केली. मी दार आवाज न करता लावलं आणि पळत सुटले.